गोळी आधी कोणी खाल्ली?

फेब्रुवारी महिना होता. आमच्या चौथीच्या वर्गात जंताच्या गोळ्या वाटायचं काम चाललं होतं. तुमच्याही शाळेत हा दिवस असतोच. २०१५ सालापासून 'राष्ट्रीय जंतनाशक दिन' पाळला जातो. पोषण आहार झाला, मुलं ओळीनं बसली, आशाताईंनी एकेकाच्या हातावर गोळी ठेवली आणि सांगितलं, "चावून खा रे, गिळू नका." सगळ्यांची तोंडं हलायला लागली. एकाचं मात्र तोंडही बंद आणि मूठही बंद!

"काय रे, गोळी कुठंय?"

"गुर्जी, मन्हा मोत्याले देवानी शे. त्याना पोटमा बी जंत शेतस."

सगळा वर्ग खो खो हसला. मोत्या म्हणजे त्याचा कुत्रा. रोज त्याला शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला येतो. मी त्याला जवळ बसवून सांगितलं, की बाबा रे, माणसाची गोळी कुत्र्याला कधीच द्यायची नाही. त्याचं शरीर वेगळं, त्याचा डोस वेगळा. त्याचं औषध जनावरांच्या डॉक्टरांनीच द्यायचं. त्याला ते पटलं असावं, कारण गोळी एकदाची तोंडात गेली.

तेवढ्यात मागच्या ओळीतून एका मुलीनं विचारलं, "पण गुरुजी, ही गोळी सगळ्यात आधी कोणी खाल्ली? त्याला काही झालं असतं म्हणजे?"

मित्रांनो, वर्गात असे प्रश्न रोज येत नाहीत. मी तिला म्हटलं, "शोधून सांगतो." आणि शोधायला लागलो, तर काय गंमत! शोधता शोधता मी थेट मोत्याच्या भाऊबंदांपर्यंत जाऊन पोचलो.

शाळेत मिळते ती गोळी अल्बेंडाझोलची. ती मुळात मेंढ्या आणि गुरांच्या जंतांसाठी तयार झाली होती, माणसांकडे ती नंतर आली. पण खरी गोष्ट आहे तिच्या थोरल्या बहिणीची. तिचं नाव डाय-इथाइल-कार्बामाझिन. एवढं लांबलचक नाव घेताना धाप लागते, म्हणून सगळे तिला 'डीईसी' म्हणतात. ही गोळी हत्तीरोगावरची.

पायाचा खांब होतो तेव्हा

हत्तीरोग झालेला माणूस तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. पाय गुडघ्याखाली सुजत सुजत खांबासारखा होतो. कातडी जाड आणि खरखरीत होते. चप्पल बसत नाही. शेतात चालवत नाही. मधूनमधून ताप येतो, पाय ठणकतो. लग्नकार्यात लोक पायाकडेच बघत राहतात, म्हणून अशी माणसं हळूहळू घराबाहेर पडणंच सोडतात. या रोगानं माणूस सहसा मरत नाही, पण त्याचं जगणं मात्र अवघड होऊन बसतं.

महाराष्ट्रात ज्या जिल्ह्यांत या रोगाची नोंद आहे, त्यांत विदर्भातले नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हे जिल्हे आहेत. आणि आपल्या खानदेशातले जळगाव व नंदुरबारही आहेत. म्हणजे धुळ्याचे दोन्ही बाजूंचे शेजारी!

हा रोग होतो एका किड्यामुळे. त्याचं नाव वुचेरेरिया बँक्रॉफ्टी. दिसायला अगदी पांढऱ्या दोऱ्यासारखा. मादी आठ ते दहा सेंटिमीटर लांब, म्हणजे तुमच्या बोटाहून थोडी मोठी. आपल्या शरीरात रक्तवाहिन्यांसारख्याच लसीकावाहिन्या असतात. त्यांतून पाण्यासारखा द्रव वाहतो. हे किडे त्या वाहिन्यांत घर करून वर्षानुवर्षं राहतात. पाटचारीत गाळ साठला की पाणी तुंबतं ना, तसंच इथं होतं आणि पाय सुजतो.

मादी लाखो सूक्ष्म अळ्यांना जन्म देते. या अळ्या मोठ्या चलाख! दिवसा त्या फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री अंगभर रक्तात फिरतात. का? कारण त्यांना एका माणसातून दुसऱ्या माणसात नेणारा क्युलेक्स डास रात्री चावतो. म्हणूनच हत्तीरोगाच्या तपासणीसाठी आरोग्य कर्मचारी रात्री दारावर येतात आणि बोटातून रक्ताचा थेंब घेतात. "एवढ्या रात्री कसली तपासणी?" म्हणून कुणी कुरकुर केली, तर त्याला हे कारण सांगा बरं का.

कुत्र्याच्या हृदयातला किडा

आता मोत्याचे भाऊबंद या गोष्टीत कुठून आले?

त्याचं असं झालं. पॅट्रिक मॅन्सन नावाचे एक डॉक्टर चीनमधल्या अमॉय बंदरात काम करत होते. तिथल्या कुत्र्यांच्या हृदयात त्यांना लांब दोऱ्यासारखे किडे दिसत. कुत्र्याच्या रक्तातही सूक्ष्म अळ्या, आणि माणसाच्या रक्तातही तशाच अळ्या. मग या अळ्या पुढं जातात कुठं? मॅन्सन यांनी अळ्या असलेल्या माणसाचं रक्त डासांना पिऊ दिलं आणि १८७७ साली दाखवून दिलं, की डासाच्या शरीरात या अळ्या वाढतात. रोगाच्या प्रवासात डासाचा हात असतो हे त्यातून प्रथम उघड झालं.

पण एक चूक राहिली. मॅन्सन यांना वाटलं, डास पाण्यात मरतो आणि ते पाणी प्यायल्यानं माणसाला रोग होतो. ही चूक दुरुस्त झाली १९०० साली. इटलीतल्या ग्रासी आणि नोए या शास्त्रज्ञांनी कुत्र्याच्या किड्यावर काम करून दाखवलं, की अळ्या डासाच्या सोंडेतून, चावताना शरीरात शिरतात. त्याच वर्षी माणसाच्या किड्याबद्दलही तसंच दिसून आलं.

कुत्र्याच्या हृदयात राहणाऱ्या या किड्याचं नाव डायरोफायलेरिया इमिटिस. तो आपल्या हत्तीरोगाच्या किड्याचा नात्यातलाच, चुलतभाऊ म्हणा हवं तर. मादी पंचवीस-तीस सेंटिमीटर लांब, म्हणजे तुमच्या कंपासपेटीतल्या पट्टीहून दुप्पट! तो हृदयाच्या उजव्या बाजूला आणि तिथून फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत राहतो. कुत्रा खोकतो, दमतो, आणि किडे फार झाले तर मरतो. हाही डासामुळेच पसरतो.

थोडक्यात काय, कुत्रा आणि माणूस यांची दुखणी शेजारी शेजारी आहेत.

भीमावरमचे सुब्बाराव

दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर गेलेल्या हजारो अमेरिकन सैनिकांना हत्तीरोगाची लागण झाली. औषध असं काही नव्हतंच. ते शोधायचं काम अमेरिकेतल्या लेडरले प्रयोगशाळेत सुरू झालं. तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आपले भारतीय, डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव!

सुब्बाराव यांचा जन्म १८९५ साली आंध्रातल्या भीमावरमचा. घरची गरिबी, भाऊ आजारपणात गेलेले. मद्रासला वैद्यकीचं शिक्षण घेऊन १९२३ साली ते अमेरिकेत हार्वर्डला पोचले. पुढं लेडरलेमध्ये त्यांच्या हाताखाली कितीतरी औषधं तयार झाली. त्यांतलंच एक डीईसी.

पण औषध सापडतं कसं? शास्त्रज्ञ एकामागून एक रसायनं तयार करतात आणि प्रत्येक तपासून पाहतात. तपासणार कशावर? हत्तीरोगाचा हा किडा माणसाशिवाय दुसऱ्या कुठल्या प्राण्यात घरच करत नाही. आणि अनोळखी रसायन थेट माणसाला कसं द्यायचं?

मग किड्याचे नातलग शोधले गेले. अमेरिकेत कॉटन रॅट नावाचा एक उंदीर असतो. नावातच कापूस! त्याच्या छातीत हत्तीरोगाच्या किड्याचा एक नातलग राहतो. आणि दुसरा नातलग तर आपल्याला माहीतच आहे, कुत्र्याच्या हृदयातला. हेविट, सुब्बाराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपोआप लागण झालेल्या या उंदरांना आणि कुत्र्यांना औषध दिलं आणि त्यांच्या रक्ताचे थेंब सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. उंदरांच्या रक्तातल्या अळ्या झपाट्यानं नाहीशा झाल्या. कुत्र्यांच्या रक्तातल्याही कमी झाल्या. हे निकाल १९४७ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी पोर्तो रिको बेटावरच्या हत्तीरोगाच्या रुग्णांना औषध देऊन पाहिल्याचंही प्रसिद्ध झालं. त्यांच्याही रक्तातल्या अळ्या कमी झाल्या.

दुसऱ्याच वर्षी, १९४८ साली, सुब्बाराव वारले. तेव्हा ते अवघे ५३ वर्षांचे होते. भारतानं १९९५ साली त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं. पण त्या कुत्र्यांचं आणि उंदरांचं नाव कुणाला ठाऊक असणार?

काचेच्या नळीत का नाही?

इथं वर्गात लगेच एक हात वर आला. "गुरुजी, अळ्या काचेच्या नळीत ठेवायच्या आणि त्यात औषध टाकायचं. कुत्रा कशाला पाहिजे?"

शाबास! शास्त्रज्ञांनीही ते करून पाहिलं. आणि झालं काय? नळीत डीईसी टाकलं तरी अळ्या आपल्या मजेत वळवळतच राहिल्या. तेवढ्यावरच निकाल दिला असता, तर "हे औषध बिनकामाचं" म्हणून फेकून दिलं गेलं असतं!

कारण डीईसी एकटं लढत नाही. ते शरीरात गेलं, की शरीराचीच राखण करणाऱ्या पेशी अळ्यांना पकडतात आणि नष्ट करतात. रात्रीच्या अंधारात चोर लपून बसलाय आणि कुणीतरी बॅटरीचा उजेड पाडला, तर गल्लीतले लोकच त्याला धरतात, साधारण तसं समजा. काचेच्या नळीत गल्ली नाही आणि लोकही नाहीत. जिवंत शरीराशिवाय हे औषध हाती लागलंच नसतं.

कुत्र्याचं उत्तर जपून वाचायचं

पण मुलांनो, कुत्रा म्हणजे छोटा माणूस नव्हे. त्याच्यावर औषध चाललं म्हणजे आपल्यावर तसंच चालेल, असं गृहीत धरता येत नाही.

डीईसीचंच पाहा. ज्या कुत्र्याच्या रक्तात हृदयातल्या किड्याच्या अळ्या आहेत, त्याला हे औषध दिलं तर काही वेळा जबरदस्त धक्का बसून तो कोसळतो. पूर्वी कुत्र्यांना हा किडा होऊ नये म्हणून डीईसी रोज देत असत, पण त्याआधी रक्त तपासून घ्यावंच लागे.

दुसरं औषध आयव्हरमेक्टिन. जपानचे सातोशी ओमुरा यांनी मातीतून एक सूक्ष्मजीव वेगळा काढला आणि अमेरिकेत विल्यम कॅम्बेल यांच्या चमूनं त्यापासून जंतनाशक शोधलं. आधी ते जनावरांना मिळालं. १९८७ साली अमेरिकेत कुत्र्यांच्या हृदयातल्या किड्यापासून बचावासाठी ते आलं आणि त्याच साली आफ्रिकेतल्या, माणसाला आंधळं करणाऱ्या 'नदीकाठच्या अंधत्वा'साठी फुकट वाटायचं जाहीर झालं. या कामाबद्दल दोघांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

पण कॉली जातीच्या मेंढपाळ कुत्र्यांना हेच औषध जास्त मात्रेत दिलं, तेव्हा ती लडखडू लागली, बेशुद्ध पडली, काही मेलीही. बाकीच्या कुत्र्यांना काहीच झालं नाही! कारण कळलं २००१ साली. मेंदूच्या दारावर एक राखणदार असतो, तो नको ती रसायनं बाहेर ढकलतो. बऱ्याच कॉली कुत्र्यांत हा राखणदार जन्मतःच बिघडलेला असतो. एकाच जातीच्या प्राण्यांत एवढा फरक, तर कुत्रा आणि माणूस यांच्यात किती असेल? म्हणून प्राण्यांनंतरही औषध थोड्या माणसांना, अगदी कमी मात्रेत, डोळ्यांत तेल घालून दिलं जातं आणि मगच ते सगळ्यांसाठी येतं.

आता कळलं ना, मी त्या मुलाला गोळी मोत्याला का देऊ दिली नाही ते?

कुत्र्याला विचारलं होतं का?

एवढं सगळं सांगून झालं आणि पहिला प्रश्न विचारणारी तीच मुलगी पुन्हा उठली. "गुरुजी, माणसाला औषध देऊन बघताना त्याला विचारतात ना? मग कुत्र्याला विचारलं होतं का?"

वर्ग गप्प झाला. मीही.

नाही, त्याला विचारता येत नाही. आणि खरं तेच सांगायचं, तर औषधानं हृदयातले मोठे किडे मेले की नाही हे पाहण्यासाठी अशा प्रयोगांत अनेकदा शेवटी कुत्र्याचा जीवही घेतला गेला आहे. काही लोक म्हणतात, असे प्रयोग अजिबात नकोत. काही म्हणतात, त्यांच्याशिवाय लाखो माणसं आजारीच राहिली असती. दोघांच्या बोलण्यात तथ्य आहे. मी मुलांना माझं मत सांगितलं नाही, आपल्याकडे नियम काय आहेत ते सांगितलं.

भारतात १९६० साली प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा झाला. त्यात प्रयोगांसाठी वेगळं प्रकरण आहे. छोट्या प्राण्यावर भागत असेल तर मोठा प्राणी वापरायचा नाही, शस्त्रक्रिया करायची तर भूल देऊन करायची, अशा गोष्टी त्यात आहेत. १९९८ च्या नियमांनुसार असे प्रयोग करणाऱ्या संस्थेला नोंदणी करावी लागते आणि आधी समितीची मंजुरी घ्यावी लागते. १९५९ साली रसेल आणि बर्च या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी तीन सूत्रं मांडली होती: जमेल तिथं प्राण्याऐवजी दुसरा मार्ग शोधा, प्राण्यांची संख्या कमी करा आणि त्यांचा त्रास कमी करा. ही सूत्रं आज जगभर मानतात. आता रक्ताच्या थेंबावरूनही मोठे किडे शरीरात आहेत का, हे कुत्र्यात आणि माणसातही कळू शकतं. असे मार्ग वाढतील तसे प्राण्यांचे जीव वाचतील.

"मग आपण काय करायचं?" तिनं विचारलं.

आता आपली पाळी

पहिलं म्हणजे, एवढ्या मोलानं मिळालेलं औषध वाया घालवायचं नाही.

आपल्या देशात हत्तीरोगाविरुद्धचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५५ साली सुरू झाला. २००४ पासून रोगाच्या जिल्ह्यांत घरोघरी वर्षातून एकदा डीईसीच्या गोळ्या द्यायला सुरुवात झाली, पुढं तिच्या जोडीला अल्बेंडाझोल आलं. २०१९ साली नागपूर जिल्ह्यात आयव्हरमेक्टिन धरून तीन औषधं एकत्र देण्यात आली. म्हणजे जनावरांना आधी मिळालेली दोन औषधं आणि कुत्र्या-उंदरांवर तपासलेलं तिसरं, तिन्ही एका तळहातावर!

पालकांना एक विनंती. "आम्हाला काही झालेलं नाही, मग गोळी कशाला?" असं म्हणून पुष्कळ घरांत या गोळ्या फडताळात पडून राहतात. हत्तीरोगाचे किडे शरीरात पाच-सहा वर्षं राहू शकतात आणि पाय सुजेपर्यंत पत्ता लागू देत नाहीत. वरून धडधाकट दिसणाऱ्या माणसाच्या रक्तातूनच डास अळ्या उचलतो. म्हणून गोळी सगळ्यांनी घ्यायची, जेवून घ्यायची आणि कर्मचाऱ्यांसमोर घ्यायची. दोन वर्षांखालची मुलं, गरोदर स्त्रिया आणि फार आजारी माणसं यांना ती देत नाहीत. ज्यांच्या रक्तात अळ्या असतात, त्यांना गोळीनंतर थोडा ताप येतो, डोकं दुखतं. ते अळ्या मरत असल्याचं लक्षण असतं. त्रास जास्त वाटला तर आरोग्य केंद्रात जावं.

दुसरं, गटार तुंबू द्यायचं नाही. क्युलेक्स डास घाण पाण्यातच वाढतो. संडासाच्या टाकीच्या वरच्या नळीला जाळी बांधायची. झोपताना मच्छरदाणी लावायची.

आणि तिसरं, दारातल्या कुत्र्याला दगड मारायचा नाही. घरचा कुत्रा असेल तर त्याला जंताचं औषध आणि रेबीजची लस वेळेवर द्यायची. यात आपलंही भलं आहे. कुत्र्याच्या पोटातल्या आकडीच्या किड्याची अंडी मातीत पडतात आणि त्यांतून निघालेल्या अळ्या अनवाणी खेळणाऱ्या मुलांच्या कातडीत शिरून खाज आणतात.

त्या शनिवारी सकाळची शाळा सुटली, तेव्हा मोत्या फाटकाशी उभा होता. त्याच्या गळ्यात नवी दोरी होती आणि दोरीचं दुसरं टोक त्या मुलाच्या वडिलांच्या हातात. वडील जरा कुरकुरतच म्हणाले, "काय गुरुजी, दोन दिवस झाले, पोरगं जेवायला तयार नाही. म्हणतं, आधी मोत्याला जनावरांच्या दवाखान्यात न्या!"

मी म्हटलं, "न्या मग. त्याचं आपल्याकडे थोडं देणं आहे."